मागून धरायला माणूस

१

रघू फिटर कुठल्याही घरात गेला की आधी भिंतीवर टकटक करतो. पाणी नंतर, चहा नंतर. मधलं बोट वाकवून वरपासून खालपर्यंत ठोकत जातो आणि कान लावून ऐकतो. किन्हवलीतली पोरं त्याची नक्कल करतात, आणि "भिंत काय बोलली, रघू?" असं विचारून म्हातारेही दात काढतात. रघू हसत नाही. वर्षापूर्वी तो असलं काही करत नव्हता. ड्रिल लावायचा, भोकात प्लास्टिकच्या गुट्ट्या ठोकायचा, स्क्रू पिळायचा आणि पुढच्या घरी पळायचा. शहापूरच्या दुकानातून दिवसाला चार-चार टीव्ही निघत होते. भिंतीचं ऐकत बसायला फुरसत कुणाला होती?

आता मात्र बत्तीस इंची टीव्हीसुद्धा तो आरपार बोल्ट टाकून बसवतो. पुढे लोखंडी पट्टी, मागे लोखंडी चकती, मध्ये भिंत. "अरे, टीव्ही लावतोस की पूल बांधतोस?" असं दुकानदार म्हणतो. त्यावरही तो हसत नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी दुकानदाराने त्याच्या हातात पत्त्याची चिठ्ठी ठेवली. पासष्ट इंची टीव्ही, डोळखांबच्या अलीकडचा पाडा, जनाबाईचं घर.

"दुसऱ्या कोणाला पाठवा ना," रघू म्हणाला.

"म्हातारीने मुद्दाम तुझं नाव घेतलंय. रघूच पाहिजे म्हणाली."

रघूने चिठ्ठी खिशात घातली.

२

त्या घराची भिंत रघूला पाठ होती. जनाबाईच्या नवऱ्याने जन्मात एकच हौस केली, स्वतःच्या विटांचं घर. भातकापणीनंतर शेतातलीच माती उकरली, तूस मिसळलं, विटा थापल्या आणि शेतातच भट्टी लावली. भट्टीला लाकूड कमी पडलं. जाणत्यांनी सांगितलं की अजून एक गाडी आण, पण मुहूर्त तोंडावर आला होता आणि माणूस हट्टी होता. भट्टी उघडली तर निम्म्या विटा लाल, निम्म्या पिवळट. फेकवेनात म्हणून त्याने त्या कच्च्या विटा आतल्या भिंतींना लावल्या आणि वरून सिमेंटचा पातळ हात मारून घेतला. दिसायला भिंत कडक, आत नखाने कोरता येईल अशी.

तेरा महिन्यांपूर्वी रघूने याच भिंतीवर टीव्ही लावला होता. जनाबाईचा मुलगा अनिल वाशिंदच्या कारखान्यात कामाला. तिथल्या साहेबाने बदली होताना त्याला आपला जुना टीव्ही दिला. चाळीस किलोंचं धूड. गुट्टी ठोकली की भोकातून लाल पीठ गळायचं आणि गुट्टी दोन बोटांनी बाहेर यायची. मग रघूने या धंद्यातले सगळे करतात आणि कोणीच कबूल करत नाही ते केलं. भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबल्या, वर पांढरं सिमेंट भरलं आणि स्क्रू पिळला. "सध्या चालू द्या, रविवारी येऊन नीट करतो," असं सांगून तो निघाला. तो रविवार काही उजाडला नाही.

सव्वा महिन्याने भर दुपारी टीव्ही खाली आला. खाली अनिलची मुलगी बसली होती. मनस्वी, सहा वर्षांची.

पंचनाम्याला रघूला बोलावलं. भिंतीत चार भोकं होती आणि भोकांत काड्या होत्या. वाकून बघितलं असतं तर कोणालाही दिसल्या असत्या. तेवढ्यात त्याला कोपऱ्यात आडवा पडलेला तेलाचा रिकामा डबा दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "पोर डब्यावर चढून लटकली असणार. नाहीतर पडतोय कसा?" सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. भोकांकडे कोणी पाहिलं नाही. जबाब लिहून झाला आणि रघूने सही केली.

मग मागे एकच प्रश्न उरला. पोर डब्यावर चढत होती तेव्हा तिची आई काय करत होती? अनिलच्या बायकोने, रविनाने, त्या प्रश्नाखाली वर्ष काढलं. अनिल तिच्याशी बोलेनासा झाला, एकदोनदा हातही उचलला. पाणवठ्यावर बायका ती आली की गप्प व्हायच्या. हे सगळं रघूच्या कानावर येत होतं. त्याचं एक वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य त्याने वर्षभर गिळलं. माणूस किती हलका असू शकतो हे त्याला दुसऱ्या कोणाकडून शिकावं लागलं नाही.

३

तो पोचला तेव्हा जनाबाई ओटीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती. टीव्हीचं खोकं भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि त्याच्या शेजारी एक कापडी पिशवी, तोंड बांधलेली.

"ये रे रघू. तिथंच लाव, जुन्या जागेवर. त्या भिंतीला खिडकी, ह्या भिंतीला देव. जागा हाय कुठं दुसरी?"

"पिशवी कोणाची, मावशी?"

"रविनाची. दोनच्या गाडीनं जातेय माहेरी, मुरबाडला." जनाबाईने शेंग उकलली. "कायमची. पंचांपुढं बोलनं झालंय. पोर सांभालता आली नाय, ती घर काय सांभालनार?"

रविना पाण्याचा तांब्या घेऊन आली. "घ्या दादा," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रघूला बरं वाटलं असतं. दोन वाजायला तीन तास होते, आणि आज बोललो नाही तर मग बोलून उपयोग नाही हे त्याला पाणी पितापिताच कळलं.

तो आत गेला आणि त्याने भिंतीवर बोट वाकवलं. भिंत लिंपून, रंग देऊन गुळगुळीत केलेली होती. भोकांची खूणसुद्धा नव्हती. त्याने डोक्याच्या उंचीवर दोनदा ठोकलं. टक टक. आवाज आला, पण त्याच्या बोटाखालून नाही. खाली कमरेच्या आसपास कुठूनतरी आला आणि थोडा उशिरा.

त्याने परत ठोकलं. परत तेच.

प्लॅस्टर सुटलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. आत पोकळी धरली की आवाज भलतीकडून येतो, नवीन गोष्ट नाही. त्याने पेन्सिल काढली आणि चार खुणा केल्या. वरच्या दोन साडेपाच फुटांवर, खालच्या दोन साडेतीन फुटांवर. तिसऱ्यांदा काही त्याने ठोकलं नाही.

४

ड्रिलचा हॅमर बंद ठेवून त्याने लांब बिट हलक्या हाताने आत घातलं. कच्ची वीट ड्रिलचा आवाजसुद्धा करत नाही. लाल पीठ संथपणे गळत राहिलं आणि चारही भोकं आरपार गेली. भिंतीच्या मागे भाताची खोली होती. दोन कणग्या, एक झरोका, आणि स्वयंपाकघरात उघडणारं एकच दार.

"मागून नट धरायला माणूस लागेल," रघू म्हणाला. "मी इथून बोल्ट पिळणार, मागे पान्यात नट घट्ट धरायचा. फिरू द्यायचा नाही."

"रविना धरेल की," जनाबाई शेंगांवरून नजर न काढता म्हणाली. "जाता जाता तेवढं तरी कर गो."

रविना पाना घेऊन आत गेली. रघूने वरच्या डाव्या भोकात बोल्ट घातला. "धर!"

"धरलं," मागून आवाज आला. बोल्ट पिळला, पट्टी भिंतीला बसली.

उजव्या भोकात बोल्ट घालायला तो वळला आणि थांबला. त्या भोकातून रविना बोलत होती. इतकं हळू, की ओटीवर ऐकू जाऊ नये.

"दादा, एक इचारू?"

रघूने हातातला बोल्ट खाली घेतला.

"ती खरंच चढली व्हती काय?"

भोकात पलीकडचा उजेड दिसत होता. मग तो दिसेनासा झाला. तिने तोंड जवळ आणलं असावं.

"मी काय बघितलं नाही," रघू म्हणाला. "डबा पडलेला दिसला, म्हणून..."

"ती डब्यावर चढायची नाय. भ्यायची. देवाच्या फळीवरचा परसाद पन मलाच काढून द्याला लावायची. मी समद्यांना सांगितलं, कोन ऐकंना. तुमी सांगा ना दादा. तुमचं ऐकतील."

हाच तो क्षण होता. मध्ये नऊ इंचांची भिंत होती, तोंड दाखवायचंही नव्हतं, नुसतं त्या भोकात बोलायचं होतं. रघूचे ओठ हलले. मग त्याने बोल्ट उचलला आणि भोकात सारला. आवाज बंद झाला.

"धर," तो म्हणाला.

मग मागून नट धरला गेला.

५

खालचे दोन बोल्ट लांब पडत होते, ते अंगणात करवतीने कापण्यात अर्धा तास गेला. मग ते लावायला रघू गुडघ्यावर बसला. त्याला स्वतःची शिसारी आली होती. आता तिने पुन्हा विचारलं तर, या भीतीने तो भोकाकडे बघतही नव्हता.

"धर!"

उत्तर आलं नाही. भिंतीवर मागून दोनदा ठोकल्याचा आवाज आला. टक टक. आणि नट धरला गेला.

बोलायचं नसेल तिला, रघूने विचार केला. बरंच झालं. त्याने बोल्ट पिळला. वरचे बोल्ट पिळताना पाना मधूनमधून सटकत होता. रविनाच्या हाताला सवय नव्हती. आता तो अजिबात सटकला नाही. दुसऱ्या वेळीही दोनदा टकटक, आणि नट असा धरलेला की बोल्ट कुरकुरला.

"शाब्बास," तो सवयीने म्हणाला.

मागे कोणीतरी नाकातून हसलं. छोटंसं, खूश होऊन.

तेव्हाच अंगणात सावली पडली. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन रविना समोरून ओटीवर चढत होती. पदर भिजलेला होता.

"एवढा येळ?" जनाबाई म्हणाली.

"बोअरिंगवर रांग व्हती, आत्या." रविनाने हंडा उतरवला आणि रघूकडे पाहिलं. "दादा, खालचे राहिले ना? आत्यांनी पानी भराला धाडलं, मागल्या दारानंच गेले. येते आता धराला."

रघूच्या हातात पाना होता. तो नुसता त्याकडे बघत राहिला.

"झाले," तो म्हणाला.

६

मग रघूने माणसासारखा विचार करायचा प्रयत्न केला. अनिल पहिल्या पाळीला वाशिंदला गेलेला. जनाबाई सकाळपासून समोर, शेंगांचा ढीग साक्षीला. शेजारपाजारची कोणी बाई मागल्या दाराने आली असेल? मग ती बोलली का नाही? कच्ची वीट फुगून नट आवळला गेला असेल? वीट फुगते, पण वीट हसत नाही.

वरचा डावा बोल्ट अर्धा फेरा अजून घेईल असं त्याच्या हाताला वाटत होतं. पंचवीस किलो टांगायचे होते. तो सोडून देणं त्याला जमलं नसतं. या एका बाबतीत तरी तो वर्षभरात बदलला होता. रविना स्वयंपाकघरात हंडा रिकामा करत होती, तिथून पाण्याचा आवाज येत होता. तिला हाक मारायला हवी होती. त्याने मारली नाही. बोल्टला पाना लावला आणि फिरवला.

बोल्ट सैल फिरला. मागे नट त्याच्याबरोबर गरगर फिरत होता. धरायला कोणी नव्हतं.

रघूने सुटकेचा श्वास सोडला. कोणी नाही. मनाचे खेळ, आणि ते आपल्याला लागलेच पाहिजेत.

मग त्याच्या लक्षात आलं की रविना नसताना खालचे दोनच धरले गेले होते. साडेतीन फुटांवरचे, सहा वर्षांच्या हाताला पोचणारे.

भिंतीमागे काहीतरी सरकलं. पत्र्याचं, रिकामं, जमिनीवरून ओढत आणलेलं. मध्ये थांबलं, पुन्हा सरकलं, आणि भिंतीला येऊन टेकलं. मग पत्रा वाकल्याचा आवाज झाला, कोणी त्यावर पाय ठेवावा तसा. एकदा. थोडं थांबून दुसऱ्यांदा. आणि भीतीने धरून ठेवलेला श्वास, जो रघूला नऊ इंचांच्या भिंतीतून ऐकू येण्याचं काही कारण नव्हतं.

टक टक.

त्याच्या हातातला बोल्ट घट्ट झाला.

रघूने पाना सोडला नाही. त्याच्याच्याने सोडवेना. पलीकडे कोणीतरी, चढायला घाबरणारं, त्याने सांगितलं होतं तसं डब्यावर चढून उभं होतं, आणि त्याचं काम व्हावं म्हणून जीव खाऊन नट धरत होतं. त्याने अर्धा फेरा पिळला. बोल्ट बसला.

७

तो ओटीवर आला आणि जनाबाईच्या पुढ्यात बसला.

"मावशी, पोर चढली नव्हती. माझ्या गुट्ट्या सुटल्या. भोकांत मी काड्या भरल्या होत्या. रविनाचा काही दोष नाही."

वर्षभर गिळलेलं वाक्य बाहेर यायला इतकासा वेळ लागला. जनाबाईने हातातली शेंग पुरी सोलली आणि दाणे सुपात टाकले.

"म्हाईत हाय मला."

"काय?"

"भिंत कोनी लिंपली मग? ह्याच हातांनी लिंपली. काड्या मीच येचून काढल्या नि चुलीत घातल्या." ती त्याच्याकडे बघत होती, अगदी शांतपणे. "हलू बोल. आत हाय ती."

"मग तुम्ही तेव्हा का नाही..."

"कशाला? पोर परत येनार व्हती? नि रविनाला दुसरं व्हनार नाय, डाक्टर बोलला. अनिल जन्मभर तसाच ऱ्हाऊ काय?" तिने खोक्याकडे मान हलवली. "ह्यो टीवी नव्या सोयऱ्यांनी धाडलाय. त्यांना काय सांगू, आमची सून चांगली हाय म्हनून? तू तुझा जबाब सांभाल, रघू. पोलिसात सही केलीस ना? मी माझं घर सांभालते. म्हनून तर तुलाच बोलावला. दुसरा येता तर भिंत खोदून इचारत बसता."

रघूला जेलचे गज दिसले, दुकान सुटलेलं दिसलं, किन्हवलीतली दात काढणारी तोंडं दिसली. आतून भांडी विसळल्याचा आवाज येत होता. दहा पावलांवर ती होती. तो उठला आणि टीव्ही उचलायला गेला.

टीव्ही असा बसला की सगळं घर लोंबकळलं तरी हलू नये. जनाबाईने रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावर रंगीत माणसं नाचायला लागली आणि म्हातारी पहिल्यांदा हसली. "काम मातर झ्याक केलंस."

मागचा पाना आणायला रघूला भाताच्या खोलीत जावं लागलं. तो दारातच थांबला. तेलाचा डबा भिंतीला टेकून उभा होता. झाकणावर भोकांतलं लाल पीठ सारखं पसरलं होतं आणि त्यात पायांचे दोन ठसे होते. टाचा नव्हत्या. फक्त चवडे आणि बोटं, पोचायला उंच केलेली.

पाना तिथेच सोडून तो निघाला.

८

फाट्यावर रविना एकटीच उभी होती, पिशवी पायाशी. दोन वाजून गेले होते. रघूने मोटारसायकल तिच्यापुढे थांबवली. वाटेत सांगू, त्याने ठरवलं होतं. गाडीवर तोंडाकडे बघावं लागत नाही.

"चल, शहापूरपर्यंत सोडतो. तिथून मुरबाडची गाडी मिळेल."

रविनाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून मागे.

"कुठं बसू, दादा? तुमच्या मागं जागा हाय कुठं?"

हत्यारांची पिशवी पुढे टाकीवर होती. मागची सीट मोकळी होती. निघताना त्यानेच ती हाताने पुसली होती. आता वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"मी बोलावली तिला," रविना म्हणाली. "घरातनं निघताना लय येळा बोलावली. येत नाय. तुमी सांगाल म्हनून थांबलीय."

वळणावर एसटी दिसली. रघूने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, एकदा म्हणूनही झालं होतं, आणि ऐकायला हवं ते माणूस समोर उभं होतं. एसटी थांबली, कंडक्टरने दार लोटलं, रविनाने पिशवी उचलली. रघूच्या तोंडून निघालं ते एवढंच, "बरं, जा मग. सांभाळून."

रविनाने मान हलवली, जणू तिला हेच माहीत होतं. मग ती वाकली, त्याच्या कोपराच्या मागे हात नेऊन हवेतच काहीतरी सारखं केलं, फ्रॉक चाकात अडकू नये म्हणून आया करतात तसं.

"नीट धरून बस गो," ती म्हणाली.

एसटी गेली. धूळ खाली बसली तरी रघूने किक मारली नव्हती. त्याचा शर्ट कमरेपाशी दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेला होता.